मुकी राजकन्या

बोलली असती तर ती लगेच ओळखू आली असती. अंगावर साधे कपडे, पण तोंडून निघणारा शब्द न् शब्द हुकमाचा. म्हणून सेनापती रोकुरोता तिला सुचवतो, सरहद्द पार होईपर्यंत आपण मुक्या व्हावं.

अकिरा कुरोसावांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) या चित्रपटातली ही राजकन्या युकी. काळ जपानी सरदारांच्या आपसातल्या लढायांचा. आकिझुकी घराणं पडलंय. उरलीय ती ही १६ वर्षांची मुलगी आणि लाकडाच्या ढलप्यांत दडवलेलं सोनं. दोन्ही शत्रूच्या मुलखातून पलीकडे न्यायचं आहे. ओझं वाहायला दोन लोभी, भांडखोर शेतकरी. पुढे याच दोघांवरून जॉर्ज लुकास यांना ‘स्टार वॉर्स’मधले दोन यंत्रमानव सुचले. पण माझं मन गुंततं ते युकीच्या त्या मौनात.

राजवाड्यात तिच्यासमोर सगळे मान खाली घालून वावरायचे. मग माणसांचे चेहरे तिला दिसणार कसे? आता तिच्यापुढे कुणी वाकत नाही. एका धर्मशाळेत तिला दिसतं, तिच्याच राज्यातली एक मुलगी गुरासारखी विकली जातेय. युकी अडून बसते, हिला सोडवा. रोकुरोताला ते धोक्याचं वाटतं. पण तिची जीभ बांधली होती, मन नव्हे. त्याआधी, रोकुरोताने स्वतःच्या बहिणीला युकीच्या जागी मरणाला पाठवल्याचं कळलं, तेव्हाही ती अशीच उसळली होती. ती बहीणही १६ वर्षांचीच होती, हे युकीला विसरता येत नाही.

आणि ती अग्नीच्या उत्सवाची रात्र! संशय टाळण्यासाठी सोन्यासकट सगळी लाकडं होळीत लोटावी लागतात. दोघे शेतकरी हवालदिल होतात. युकी मात्र गावकऱ्यांच्या फेरात शिरते आणि भान विसरून नाचते. सकाळी सगळे राख उकरून सोनं शोधतात. पण तिला जे सापडायचं होतं ते रात्रीच सापडलेलं असतं.

पुढे ती रोकुरोतासह पकडली जाते. मरण समोर असताना ती तक्रार करत नाही. माणसांचं चांगलं-वाईट उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळालं, याचं समाधान ती बोलून दाखवते आणि उत्सवातलं गाणं गाते. ते ऐकणारा शत्रूचा सेनापती तादोकोरो दुसऱ्या दिवशी तेच गाणं गात कैद्यांना सोडून देतो आणि स्वतःही त्यांच्यामागे घोडा फेकतो. मला हा प्रसंग साऱ्या चित्रपटातला सगळ्यात मोठा विजय वाटतो. इथे कुणीच हरलेलं नाही.

हा चित्रपट पाहाल तेव्हा तोशिरो मिफुनेंच्या रोकुरोतावरून, त्याच्या भाल्यांच्या द्वंद्वावरून नजर हटणार नाही. तरी थोडा वेळ ती बाजूला वळवा आणि काही न बोलणाऱ्या युकीचे डोळे पाहा.