पथ्य आणि परप्रांत

आपले शरीर निरोगी राखणे हा शहाणपणाचा भाग आहे की कर्तव्याचा? प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. शहाणपण सोडणारा स्वतःचे नुकसान करतो आणि कर्तव्य सोडणारा दुसऱ्याचे, एवढा भेद सर्वांस मान्य आहे. खाण्यापिण्यात ताळतंत्र न पाळणाऱ्याची गणना आपण सहसा पहिल्या वर्गात करतो आणि 'ज्याचे पोट त्याला ठाऊक' असे म्हणून विषय मिटवतो. आमच्या मते विषय इतक्यावर मिटत नाही. आणि नोकरीच्या निमित्ताने आपल्या मुलखापासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत तर मुळीच मिटत नाही.

गावी जन्म काढणाऱ्या माणसाला आज काय खावे हा प्रश्न फारसा पडत नसे. त्याचे उत्तर जमिनीने, ऋतूने आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने आधीच देऊन ठेवलेले असे. देशावर जोंधळा पिके म्हणून ताटात भाकरी येई. कोकणात भात पिके म्हणून भात येई. संक्रांतीस थंडी म्हणून तीळ, वैशाखात ऊन म्हणून ताक आणि पन्हे, चातुर्मासात पुष्कळ घरी कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य. पुरणपोळी होळीला आणि करंजी दिवाळीला. एरवी त्यांची आठवण काढणे हे हावरटपणाचे लक्षण समजत. यांतल्या कशालाही कोणी आरोग्य म्हणत नसे. तो रिवाज होता. जुन्या काळी सारे धट्टेकट्टे होते असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. कित्येक घरी भाकरीच पुरत नसे आणि पटकी-देवीने पोरे दगावत, हे विसरून रिवाजाचे गोडवे गाणे खोटेपणाचे होईल. शिवाय 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हणही त्याच रिवाजाच्या पोटी जन्मली आहे. मुद्दा एवढाच की, त्या व्यवस्थेत ताटाची निवड एकट्या जिभेवर सोपवलेली नव्हती.

बदलीच्या हुकुमाने हा दोर तुटतो. हुकुमात वेतनश्रेणी असते, रुजू होण्याची तारीख असते. काय खावे याविषयी त्यात एक ओळही नसते. चंदीगडास येऊन पोहोचलेल्या मराठी गृहस्थाला आपले ताट प्रथमच स्वतः निवडावे लागते, आणि हे काम बिनबोभाट जिभेकडे जाते. जीभ मोठी उदार. ती प्रांतभेद मानीत नाही. सकाळी आलूचा पराठा आणि त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा. दुपारी कचेरीच्या उपाहारगृहातला समोसा. संध्याकाळी गावाहून आलेल्या डब्यातला चिवडा आणि चकली. रविवारी छोले-भटुरे, आणि मध्येच चतुर्थी आली की साबुदाण्याची खिचडी. यांपैकी एकही पदार्थ मुळात वाईट नाही. पंजाबच्या शेतकऱ्याने लोणी खाल्ले ते नांगर धरून. त्याची पिन्नी कडाक्याच्या थंडीतली. आपल्या आजीने चकली केली ती वर्षातून एकदा, आणि तीही दिवसभर चुलीचा धूर सोसून. आपण मात्र सण दोन्ही प्रांतांचे घेतले आणि कष्ट एकाही प्रांताचे घेतले नाहीत. परप्रांतातील आपल्या मध्यमवर्गाच्या पुष्कळशा दुखण्यांचे मूळ आमच्या मते येथेच आहे.

याला आकड्यांचा आधार नाही असे नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मधुमेहाची देशव्यापी पाहणी हाती घेतली, तिच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. योगायोग असा की, त्या टप्प्यात चंदीगड आणि महाराष्ट्र दोन्ही होते. वीस वर्षांवरील माणसांत मधुमेहाचे प्रमाण चंदीगडात शेकडा १३.६ आढळले, महाराष्ट्रात ८.४. एवढ्यावरून कोणी पंजाबी ताटाला दोष देऊन मोकळा होईल. पण त्याच पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागाचा आकडा १०.९ आणि ग्रामीण भागाचा ६.५ आहे. म्हणजे भेद मराठी आणि पंजाबी असा नसून पुष्कळ अंशी खुर्ची आणि शेत असा आहे. २०२३ साली याच पाहणीचे देशभराचे निष्कर्ष आले, त्यांत शेकडा ११.४, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसे मधुमेही असल्याचा अंदाज आहे. आनुवंशिकता, वय, दारिद्र्य अशी अन्य कारणे यात आहेतच. तथापि बैठ्या जीवनाचा वाटा कोणी नाकारीत नाही.

अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात सुवर्णमध्याची चर्चा करताना जेवणाचेच उदाहरण घेतले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच्या काळी मिलो नावाच्या मल्लाची कीर्ती होती. (१९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी वडीलमंडळींना आठवेल, हा तो नव्हे.) मिलोला जे अन्न अपुरे पडेल तेच नवशिक्या पहिलवानाला अति होईल; म्हणून मध्य हा वस्तूचा नसतो, माणसाचा असतो, असे त्या तत्त्ववेत्त्याचे म्हणणे. पराठा अति आहे की अल्प, हे पराठ्याला विचारून कळणार नाही. तो खाऊन मनुष्य कोठे निघाला आहे, हे विचारले पाहिजे. शेताकडे निघाला असेल तर एक उत्तर, फायलींकडे निघाला असेल तर दुसरे.

आणि कष्टांस येथे वाव नाही असे म्हणावे तर ज्या शहरात आपण राहतो तेच आपल्याविरुद्ध साक्ष देईल. ल कॉर्बुझिए याने १९५१ साली या नगराची आखणी हाती घेतली तेव्हा त्याने ते मानवी देहासारखे कल्पिले: कॅपिटॉल हे मस्तक, सतरावा सेक्टर हे हृदय आणि हिरव्या मोकळ्या जागा ही फुप्फुसे. एक सेक्टर साधारणपणे ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब. त्याच्या मध्यातून जाणाऱ्या रस्त्यावर दुकाने. हेतू हा की, भाजी, दूध, शाळा, दवाखाना सारे पायी जाण्याच्या अंतरावर असावे. १९५८ साली सुखना चो अडवून तलाव बांधला, तेव्हा बांधावरून मोटारींना मज्जाव केला, म्हणजे माणसांना शांतपणे फिरता यावे. इतके करून आपण कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढतो, आणि तलावावर फिरावयास जाताना मोटार कोठे उभी करावी याची चिंता वाहतो. नगररचनाकार रस्ता देऊ शकतो. पाय ज्याचे त्यालाच उचलावे लागतात.

मग पाय कोणाच्या आज्ञेने उचलावेत? जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व मंत्रालयांस लिहिले की, कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत आणि दर्शनी जागी तेल व साखर यांचे प्रमाण दाखवणारे फलक लावावेत, जिन्याचा वापर वाढवावा, कचेरीच्या कागदांवरही आरोग्याचा संदेश छापावा. वृत्तपत्रांनी यातून 'समोशावर बंदी' असा अर्थ काढला, आणि पुढच्याच महिन्यात सरकारला खुलासा करावा लागला की, तसे काही नाही. ही केवळ सूचना आहे. आमच्या मते सूचना योग्यच आहे. परंतु फलक किती तेल हे सांगतो. ते का सोडावे हे सांगत नाही. ते सांगणे फलकाचे काम नव्हे.

येथे स्वातंत्र्याचा कैवारी उठेल. आगरकरांच्या पिढीने ज्याचे ग्रंथ आदराने अभ्यासले त्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली असे प्रतिपादन केले की, दुसऱ्याची हानी टाळण्याखेरीज अन्य कारणाने समाजाने व्यक्तीवर सक्ती करू नये. तिचे स्वतःचे हित हे पुरेसे कारण नव्हे. सक्तीपुरते हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. कोणाच्या ताटातला समोसा शिपाई पाठवून उचलावा असे आम्ही म्हणणार नाही. पण सक्ती नसावी यावरून कर्तव्य नाही असा निष्कर्ष निघत नाही. आईला पत्र लिहिण्याची सक्ती कोणत्या कायद्यात आहे?

परप्रांतातील दुखणे कधी एकट्याचे नसते, हे आपण सर्व जाणतो. गावी मनुष्य आजारी पडला तर भाऊ, मेहुणे, चुलते धावून येतात आणि ओझे दहा खांद्यांवर वाटले जाते. येथे ते दोन खांद्यांवर येते, आणि ते बहुधा पत्नीचे असतात. रुग्णालयाची रांग तीच धरते, मुलांची शाळा तीच सांभाळते, आणि सासऱ्यांना दूरध्वनीवर 'तसे काही विशेष नाही' असे तीच सांगते. तिकडे गावी वृद्ध आई-वडील आपल्या आधाराच्या भरवशावर बसलेले असतात. ज्या देहावर इतक्यांचा भार आहे तो केवळ आपला कसा म्हणावा? आपल्या परंपरेत ऋण नावाची जी कल्पना आहे, ती येथे चपखल बसते. देह ही आपली मिळकत खरी, पण तिच्यावर बोजा आहे. आणि बोजा असलेली मिळकत मनास येईल तशी उधळण्याचा अधिकार मालकालाही नसतो.

मात्र या विचाराची दुसरी बाजू सांभाळली पाहिजे. आरोग्य हे कर्तव्य म्हटले की आजार हा अपराध ठरवण्याचा मोह होतो. तो सर्वस्वी त्याज्य आहे. संयमाने राहूनही माणसे आजारी पडतात. आणि ज्याला दोन वेळा पोटभर मिळण्याची भ्रांत आहे त्याला पथ्याचे प्रवचन देणे ही क्रूरता आहे. कर्तव्य ज्याचे त्याने स्वतःस विचारावे. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून त्याचा हिशेब मांडू नये.

तसाच प्रश्न आतिथ्याचा. शेजारचे सरदारजी आग्रहाने 'होर लओ जी' म्हणत वाढतात तेव्हा ताटावर हात आडवा धरणे म्हणजे त्यांचा स्नेह नाकारणे, असे वाटते. आपल्या पंगतीतही जिलबीचा आग्रह असाच चाले. आमचा अनुभव असा की, स्नेहाला 'नको' हा शब्द लागतो, 'थोडे' हा लागत नाही. अर्धा पराठा मनापासून खाणारा पाहुणा यजमानास आवडतो. चेहरा पाडून पथ्याचे व्याख्यान देणारा आवडत नाही. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर गाडी काढणारा शेजारी हाच, हे विसरून चालत नाही. स्नेह हेसुद्धा परप्रांतात एक पथ्यच आहे.

आणखी एक गोष्ट पुरुषवर्गाच्या ध्यानात क्वचित येते. आम्ही पथ्य सुरू केले असे गृहस्थ अभिमानाने सांगतो, त्या वेळी ते बहुधा त्याच्या पत्नीने सुरू केलेले असते. एका चुलीवर दोन स्वयंपाक, मुलांची वेगळी भाजी, यांची वेगळी आमटी, वर भाकऱ्या थापणे. आणि तीही अनेकदा नोकरी करून आलेली. जे पथ्य एकाचे आयुष्य वाढवते आणि दुसऱ्याची विश्रांती हिरावते, ते आरोग्यशास्त्रात बसेल. नीतिशास्त्रात बसणार नाही. पथ्य ज्याचे, मूग भिजवण्याचे आणि काकडी चोचवण्याचे काम त्याचे. कष्ट घ्यावयाचे तर त्यांचा प्रारंभ येथूनही करता येतो.

राहता राहिली रीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे की, अंगवळणी पडलेली अहितकारक सवय एकदम तोडू नये. चतुर्थांशाने, क्रमाक्रमाने सोडावी, आणि हितकारक सवयही तशीच लावावी. एक जानेवारीच्या संकल्पांचे पुढे काय होते हे जाणणारास या सूचनेचे मोल सांगावयास नको. चहातली साखर प्रथम पाव भाग कमी करावी. ती अंगवळणी पडली की पुढचा पाव भाग. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे आणि आठवड्यात निदान १५० मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाची वीस-बावीस मिनिटे म्हणजे सेक्टरच्या बाजाराची एक फेरी. फक्त ती पायी झाली पाहिजे. आणि ज्यांचा कल अगदी उपासमारीकडे झुकतो त्यांनी गीतेचा सहावा अध्याय आठवावा. तेथे अति खाणाऱ्याप्रमाणेच मुळीच न खाणाऱ्यालाही योग नाकारला आहे.

परप्रांताने आपणांस दिलेली मोकळीक शापच ठरावी असे नाही. दोन्ही प्रांतांचे सण आपण घेतले, तसे दोन्ही प्रांतांचे साधे वारही घेता येतील. हिवाळ्यात येथे सरसोंचा साग, बथुआ, मुळा आणि तांबडी गाजरे विपुल असतात. मक्याची रोटी आणि बाजरीची भाकरी या एकाच कुळातल्या. त्यांच्या शेजारी आपले पिठले, मुगाची उसळ, कोशिंबीर आणि ताक यावे. लोणी आणि चकली आपापल्या दिवशी येतीलच, आणि त्या दिवशी त्यांची चवही अधिक लागेल. गावच्या माणसाचे ताट रिवाजाने लावले. आपले आपण लावावयाचे आहे. ज्याला निवड मिळाली त्याच्याकडे जबाबदारीही आली, आणि परमुलखात ती पार पाडण्यास पत्नी, मुले, दूरचे आई-वडील आणि भिंतीपलीकडचा शेजारी हे पुरेसे कारण आहे.