ओलांडणे

झोपलेल्या मुलाला ओलांडू नये, असे आमची आजी सांगायची. ओलांडले तर त्याची उंची खुंटते. चुकून कोणी ओलांडलेच, तर ती त्याला परत तसेच उलट ओलांडायला लावी, म्हणजे खुंटलेली उंची मोकळी होई. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रात्री अकरा माणसे निजत. पाणी प्यायला उठलेला माणूस जाताना सहा जणांची उंची खुंटवी आणि येताना ती ज्याची त्याला परत करी. तरीही मी पाच फूट तीन इंचांवर थांबलो, त्या अर्थी कोणीतरी पाणी पिऊन तिकडेच झोपला असावा.

आजीची आठवण निघायला कारण झाला एक ट्रॅक्टर. भाच्याने तो मोबाइलवर दाखवला. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात द्राक्षाच्या दोन ओळींत जेमतेम एक मीटर अंतर, दोन वेलींतही तेवढेच. हेक्टरी दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. आपल्या लोकलच्या दुसऱ्या वर्गासारखा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने तिथल्या बागा मुळापासून खाल्ल्या. मग अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून नव्या बागा लावल्या, त्या सरळ ओळींत, मधून घोडा चालावा म्हणून. घोडा मीटरभर वाटेतून जातो, ट्रॅक्टर जात नाही. तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर त्या मंडळींनी वेली न हलवता ट्रॅक्टरलाच उंच पाय लावले. चाके ओळीच्या अल्याड-पल्याड, इंजिन आणि ड्रायव्हर वर माडीवर, आणि वेलींची ओळ त्याच्या पोटाखालून निघून जाते. नावही सरळ आहे : 'आँजांबर', म्हणजे ओलांडणारा. तिथल्या वेली छातीच्या वर जात नाहीत. तज्ज्ञ म्हणतात, छाटणीमुळे. मला आजीचे पटते.

हे ज्ञान घेऊन मी पिंपळगाव बसवंतला साडूंकडे गेलो. त्यांची तीन एकर बाग आहे. नऊ फुटांवर ओळ, पाच फुटांवर वेल. मी तिथल्या तिथे भागाकार केला : एकरी नऊशे अडुसष्ट.

"फ्रान्समध्ये चार हजार," मी म्हणालो. "तुमच्याकडे मधे नुसती हवा खेळते."

"ती हवा नाही, ट्रॅक्टरची वाट आहे," साडू म्हणाले. "आणि तुमचं ते उंट आमच्याकडे घालायचं कुठून?"

ते खरे होते. आपल्याकडची वेल मंडपावर नाहीतर वायच्या आकाराच्या अँगलवर डोक्याच्या वर पसरते आणि घड खाली सावलीत लोंबतात, उन्हाने भाजू नयेत म्हणून. तिला ओलांडायचे तर ट्रॅक्टर दुमजली हवा. म्हणून निफाड तालुक्यात यंत्राने उलटा मार्ग धरला. पंधरा-वीस अश्वशक्तीचा, अरुंद, बुटका 'छोटा ट्रॅक्टर' मागे ब्लोअर लावून मंडपाखालून अंग चोरून जातो.

वाट कोणी सोडायची, हा जुना प्रश्न आहे. एस.टी.च्या दारात तो रोज सुटतो, फक्त फार आवाज करून. फ्रेंचांचे उत्तर असे की वेलीने इंचभरही हलू नये, यंत्राने तंगड्या फाकाव्यात. आपले उत्तर असे की वेलीने थोडी वाट द्यावी, यंत्राने थोडे वाकावे. मला आपले अधिक आवडले. पुष्कळ संसार याच तत्त्वावर चालतात. (सौभाग्यवतींना हा उतारा दाखवला. "वाट कोण देतं आणि वाकतं कोण, ते लिहा," एवढेच त्या म्हणाल्या.)

पण यंत्र वाकते म्हणजे काय? लोखंड वाकत नाही, ड्रायव्हर वाकतो. साडूंचा ड्रायव्हर पंचविशीचा पोरगा. गोडी छाटणीनंतर आभाळ आले की डाऊनीच्या धास्तीने तो पहाटेपासून फवारणीला असतो. मागून ब्लोअरचा पंखा औषधाचे धुके उडवतो. मंडपाचे छत ते वर जाऊ देत नाही. वेलीच्या पानापानावर औषध बसते, आणि पोराच्या शर्टावरही. तोंडाला रुमाल. त्या उंच फ्रेंच ट्रॅक्टरांना आता काचेची बंद केबिन मिळते, आत गाळलेली हवा. आपल्या मंडपाखाली केबिन मावतच नाही.

"मास्क आणून दिलाय," साडू म्हणाले. "तो घालत नाही."

"लई गरम व्हतं काका," पोरगा म्हणाला.

आता दोष कोणाचा? पुण्यात हेल्मेट हा तत्त्वाचा प्रश्न असल्याने या वादातले सगळे मुद्दे मला पाठ आहेत. ज्याचे डोके, त्याची मर्जी. पण हेल्मेट न घालणारा निदान स्वतःच्या कामाला निघालेला असतो. हा पोरगा माझ्या द्राक्षांच्या कामाला निघालेला आहे. मास्क दिला म्हणजे मालकाची जबाबदारी संपते, हे मला पटत नाही. भर उन्हात दोन तास घालता येईल असा मास्क मिळेपर्यंत ती संपायची नाही. ती मालकापाशी थांबते असेही नाही. घरी द्राक्षे आली की ती मिठाच्या पाण्यात तीनदा धुतली जातात. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या द्रव्याचे अंश सापडले म्हणून युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले होते. तिकडे जाणाऱ्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात, कुठल्या बागेतला माल तेही नोंदलेले असते. मण्याच्या सालीवर काय उरले ते दशलक्षात किती, असे मोजतात. पोराच्या सालीवर काय उरले, ते मोजायला मिठाचे पाणीसुद्धा कोणी काढत नाही.

मी साडूंना म्हटले, मंडप दोन फूट उंच करा, केबिन बसेल. त्यांनी अँगल, तारा, मजुरी असा हिशेब सुरू केला. उंच मंडपावर बायकांचे हात पोचणार नाहीत, मग विरळणीला स्टुलं लागतील, हेही सांगितले. मी उंचीच्या विषयावर बोलायला फारसा योग्य माणूस नव्हेच.

निघताना पोराला तो फ्रेंच ट्रॅक्टर दाखवला. रुमाल गळ्यात सरकवून त्याने दोनदा पाहिला. वेलींवरून डौलात चाललेले ते धूड, चार हजार वेली, काही त्याच्या नजरेत भरले नाही. एका जागी त्याने चित्र थांबवले, बोटांनी मोठे केले आणि विचारले,

"काका, ही काच उघडती का मधून?"