न छेडलेला गंधार

आज राग निवडायची घाई नको. आधी फक्त तानपुरा लावा. घरात वाद्य असेल तर उत्तम. नसेल तर चांगलं ध्वनिमुद्रण पुरेल. मोबाइलच्या स्पीकरऐवजी हेडफोन घ्या, कारण आपल्याला खर्ज ऐकायचा आहे. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता तारा ओळखा. पंचम. मग जोडाच्या दोन, दोन्ही षड्ज. मग खर्ज. पुन्हा पंचम. चार तारांचं हे फिरणं काही वेळ नुसतं चालू द्या. मन मध्येच कुठेतरी जाईल. जाऊ द्या. पुढचा पंचम आला की त्याच्याबरोबर परत या.

हळूहळू बाकीच्या तारा मागे पडू द्या आणि लक्ष खर्जावर ठेवा. तार छेडल्यानंतर जे रेंगाळतं, ते ऐका. नाद विरत जाताना त्याच्याच आतून एक बारीक, उजळ स्वर वर येतो. लगेच सापडला नाही तर खर्जाच्या पुढच्या फेरीची वाट पाहा. तो गंधार आहे. चारपैकी एकही तार गंधारात लावलेली नाही, तरी तो वाजतो आहे.

याचं कारण समजलं तरी विस्मय ओसरत नाही. ताणलेली तार एकच स्वर कधी देत नाही. मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही तिच्यात त्याच वेळी चालू असतात. पाचपट कंपनाचा स्वर म्हणजे शुद्ध गंधार. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर असतो आणि तिच्यावर तारेखाली एक दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढेमागे करत नेमकी जागा साधली, की हे दडलेले स्वर जागे होतात. हीच जवारी. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या हे काम कानाने केलं आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. स्वराच्या नितळपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले. १९३७ साली त्यांचं निधन झाल्यावर त्यांचं दफनही तिथल्याच दर्ग्यात झालं.

मला हा गंधार दाखवला तो सवाई गंधर्व महोत्सवात शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजोबांनी. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला हा महोत्सव. डिसेंबरची थंडी, मांडवातली भारतीय बैठक. तानपुरे जुळत होते आणि माणसं चहासाठी उठत होती. मीही उठणार, एवढ्यात आजोबा म्हणाले, “बसा. गाणं सुरू झालंय. खर्ज ऐका.” त्या संध्याकाळपासून कोणत्याही मैफलीत जुळवाजुळवीचा वेळ मला रिकामा वाटलेला नाही.

आता तुमच्या आवडत्या गायकाचा विलंबित यमन लावा. गायक मंद्र निषादाजवळ घुटमळेल, रिषभावरून पुढे येईल. त्याच्यापुढे धावू नका. तो गंधारावर येऊन थांबेल तेव्हा तानपुऱ्याकडे कान द्या. यमनचा वादी स्वर गंधारच. गळ्यातला गंधार आणि खर्जातला गंधार एकमेकांत मिळून जातात, कोणता कुणाचा ते वेगळं काढता येत नाही. अशा ठिकाणी सभागृहातून ‘वा’ आपसूक उमटते.

एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटाचंही असू शकतं. गायक मध्येच श्वास घेईल, दोन-तीन मात्रा सोडून देईल. तिथे तुम्हीही थांबा. ठेका चालू आहे, तानपुरा चालू आहे, गंधार आहेच. म्हणून विलंबितातली विश्रांती पोकळ नसते. ज्या स्वरावर गायक पुन्हा येणार आहे, तो या विश्रांतीतही आपल्या कानात असतो. समेची वाट पाहणं हाही गाण्यातला आपला वाटा आहे. तो मनापासून उचला.

आवडती मैफल दुसऱ्याला सांगताना आपण गायकाचं नाव, राग आणि साल सांगतो. एवढ्याने ऐकणाऱ्याच्या हाती थोडंच लागतं. आपण नेमका कुठे कान ठेवला होता, तेही सांगायला हवं. स्वतःला विचारा: मला आवडलेल्या मैफलीत मी खरंच काय ऐकलं होतं? एखादी मींड, समेवर अलगद येणं, तबल्याच्या बायाची घुमणारी आस? उत्तर एकच असू द्या, पण नेमकं असू द्या.

मग ते कुणाला तरी द्या. शास्त्रीय संगीत आपल्याला कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांतल्या एकाला पुढच्या मैफलीला सोबत न्या. घराण्यांचा इतिहास सांगू नका, रागाची लक्षणंही नकोत. तुमची ती एक जागा सांगा आणि मग त्याला त्याचं ऐकू द्या. मध्यंतरात त्याने काय ऐकलं ते विचारा. तुमच्या कानातून सुटलेलं काहीतरी तो नक्की सांगेल.