अनोळखी विक्रेता आणि बदगुमानीचा प्रश्न

व्यवहार करताना समोरच्या माणसाकडे पुरावा मागणे म्हणजे त्याच्याविषयी वाईट गुमान बाळगणे आहे काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु आज अनेक दीनदार घरांमध्ये याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर पैशांनिशी मोजावे लागत आहे.

माझ्या भाच्याने जुनी मोटारसायकल घेण्यासाठी मोबाइलवर एक जाहिरात पाहिली. किंमत बाजारभावाच्या निम्मी होती. विकणाऱ्याने सलाम करून बोलणे सुरू केले, नाव मुस्लिम सांगितले, आपण सैन्यात असून बदली झाल्यामुळे गाडी तातडीने काढायची आहे, असे म्हणून ओळखपत्राचे छायाचित्रही पाठविले. मुलाला शंका आली होती. गाडी डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत, असे तो म्हणालाही. पण घरातच ठरले की, एक मुसलमान भाई, त्यातही जवान. त्याच्यावर संशय घेऊन गुनाह कशाला पदरी घ्यायचा? आगाऊ ३,००० रुपये गेले. मग वाहतुकीचे मागितले गेले, मग विम्याचे, मग ‘परत मिळणारी’ अनामत. प्रत्येक नवी रक्कम आधीची रक्कम वाचविण्यासाठी दिली गेली. गाडी आली नाही, तो क्रमांकही बंद झाला. भाचा मला म्हणाला, “मामू, मी तर नेक गुमान ठेवला. यात माझे काय चुकले?”

त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (आयत १२) पुष्कळशा गुमानांपासून दूर राहण्याचा आदेश आहेच. मात्र ती आयत तेथेच थांबत नाही. तिच्यात लगेच दुसऱ्याच्या खासगी गोष्टी उकरून काढण्याची आणि पाठीमागे निंदा करण्याचीही मनाई येते. म्हणजे निषेध आहे तो पुराव्यावाचून माणसाला दोषी ठरविण्याचा, त्याच्या अब्रूला हात घालण्याचा. मी ज्याला पैसे देणार आहे, त्याला गाडीचे नोंदणीपत्र दाखव म्हणणे यात त्याच्या अब्रूला कोठे धक्का लागतो? मी त्याला चोर म्हटलेले नाही. त्याचप्रमाणे, साधू पुरुष ठरविण्याइतकीही माझी त्याच्याशी ओळख नाही.

उलट सूरह बकरहची आयत २८२ पाहा. कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत, आणि तिचा विषय आहे मुदतीच्या देण्याघेण्याचा लेख. रक्कम लहान असो वा मोठी, लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, असे तिच्यात सांगितले आहे. हे कोणाला सांगितले? ईमानधारकांना! ज्या समाजात सहाबा वावरत होते, त्या समाजाला. तेथे कोणीही असे म्हटले नाही की, लेख मागून माझ्या ईमानावर शंका घेतली. लेखाचे कारणही आयतीतच आहे: त्यामुळे संशयाला वाव कमी राहतो. खातरजमा ही बदगुमानीची बहीण नसून तिच्यावरचा उतारा आहे, असे मला यातून दिसते. ज्याने कागद पाहिला, त्याला नंतर मनात कुढत बसावे लागत नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक हकीकत सांगितली जाते. एका मनुष्याने दुसऱ्याच्या सचोटीची ग्वाही दिली. त्यांनी विचारले, तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस? त्याच्याशी दीनार-दिरहमचा व्यवहार केला आहेस? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, तेव्हा ते म्हणाले की, तू त्याला मशिदीत रुकू-सजदे करताना पाहिले असशील, पण तू त्याला ओळखत नाहीस. मोबाइलवरच्या सलामाला आणि काबागृहाच्या चित्राला ग्वाही मानणाऱ्या आपण सर्वांनी ही हकीकत पुन्हा वाचावी.

न पाहिलेल्या वस्तूच्या खरेदीविषयी फुकहांमध्ये मतभेद आहे. हनफी मतानुसार ती खरेदी होते, पण वस्तू पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क ग्राहकाकडे राहतो. शाफई मतप्रवाहाच्या प्रबळ मतानुसार, जो आपल्या कोकणातील बांधवांचा मार्ग आहे, अशी खरेदी मुळात वैधच ठरत नाही. मार्ग दोन असले तरी ग्राहकाला केवळ विक्रेत्याच्या जिभेवर सोडायचे नाही, यावर दोघांचा कटाक्ष दिसतो. पत्ता नसलेल्या माणसाकडे पैसे गेल्यावर नाकारण्याचा हक्क बजावणार कोणाकडे? कोणी म्हणेल, सलमच्या व्यवहारात पूर्ण किंमत आगाऊ देतातच की. देतात, पण त्या हदीसमध्ये माप, वजन आणि मुदत यांपुढे एकच अट पुन्हा पुन्हा येते, की ते ज्ञात असावे. येथे तर विकणारासुद्धा ज्ञात नाही.

आणि निम्म्या किमतीचे काय? याविषयी भाच्याला मी फार बोललो नाही, पण त्या स्वस्ताईने आमच्या नेक गुमानाला बराच हातभार लावला होता. महागड्या विक्रेत्यावर आपण इतक्या उदारपणे विश्वास ठेवत नाही.

एका सहाबींची व्यवहारात वारंवार फसगत होत असे. त्यांनी तक्रार केली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना भोळेपणाबद्दल खडसावले नाही. सौदा करताना ‘यात फसवणूक चालणार नाही’ असे स्पष्ट म्हणत जा, अशी शिकवण दिली. आजच्या भाषेत ती अट अशी बोलता येईल: वस्तू पाहीन, कागद पाहीन, मग पैसे देईन. शिवाय यूपीआयचा पिन टाकला की पैसे जातात, पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही समजावून ठेवावे.

भाच्याने चार दिवस कोणाला काही सांगितले नाही. शरम वाटत होती. आणि अम्मी म्हणत होत्या, सब्र कर, हिशेब कियामतला होईल. हिशेब होईलच. पण जुलूम करणाऱ्या भावाचा हात धरणे हीच त्याला केलेली मदत, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आहे, आणि मौन पाळणारा त्या ठगाच्या पुढच्या सावजाला एकटे सोडतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले, तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडविता येण्याची शक्यता असते. चार दिवसांनी ती शक्यता फार उरत नाही.

तक्रार नोंदली गेली, पैसे अद्याप मिळालेले नाहीत. गेल्या महिन्यात आम्ही दोघे दुसऱ्या एका गाडीसाठी विक्रेत्याच्या घरी गेलो. भाच्याने जरा संकोचून नोंदणीपत्र मागितले. त्या गृहस्थांनी बायकोला चहा ठेवायला सांगितले आणि आतून सगळी फाइलच आणून त्याच्या हातात दिली.