निद्रेचा साक्षी

मनुष्याच्या स्थितीचा खरा साक्षीदार तो स्वतःच, असें आपण गृहीत धरून चालतों. परंतु आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा आपण झोपेंत घालवितों, आणि तेवढ्या भागापुरती ही समजूत फार डळमळीत आहे. आपल्या वेदान्त्यांनीं हा प्रश्न पूर्वींच हातीं घेतला होता. झोपेंतून उठलेला मनुष्य ‘सुखानें झोपलों, कांहीं कळलें नाहीं’ असें सांगतो. तेव्हां त्या न कळण्याचाही कोणी साक्षी आंत जागा असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. तत्त्वज्ञानांत त्याचें मोल मोठें आहे. व्यवहारांत मात्र त्या साक्षीवर भिस्त ठेवून मी जवळजवळ प्राणास मुकलों होतों.

सोनईच्या आमच्या घरीं माझें घोरणें हा थट्टेचा ठरलेला विषय होता. ‘कष्टाची झोप आहे,’ म्हणून आई कौतुक करी. पत्नी तेवढी वर्षानुवर्षें सांगे, ‘तुम्ही घोरतां त्याचें भय वाटत नाहीं, मधेंच थांबतां, त्याचें वाटतें.’ झोप माझी. ती कशी लागली हें मला कळणार कीं तिला? असें म्हणून मी तें हंसण्यावारीं नेई. दिवसा खुर्चींत डोळा लागूं लागला, त्याला मीं वयाचें नांव दिलें. अखेर उसाच्या हंगामांत साखर कारखान्याच्या रस्त्यानें मोटार हांकीत असतां मला डुलकी लागली. समोर उसानें भरलेली बैलगाडी होती. शेजारीं बसलेल्या पत्नीच्या हांकेनें सर्वजण वांचलों.

डॉक्टरांनीं माझ्याआधीं तिला प्रश्न विचारले. मग मला 1991 साली जॉन्स यांनीं प्रसिद्ध केलेली आठ प्रश्नांची यादी दिली: वाचतांना, जेवणानंतर स्वस्थ बसलें असतां डोळा लागण्याचा संभव किती? 24 पैकीं 10 च्या वर गुण गेल्यास झोपाळूपणा प्रमाणाबाहेर समजतात. माझे 16 झाले. पुढें एक रात्र डोक्याला तारा, नाकाशीं नळी, छातीला व पोटाला पट्टे आणि बोटाला प्राणवायूचें प्रमाण दाखविणारा चिमटा लावून मी निजलों. झोपेंत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, आणि ती जाग स्मरणांत राहत नाहीं. निदान 10 सेकंद श्वास थांबणें किंवा मंदावणें, असे प्रसंग तासाला 30 किंवा अधिक झाले, तर विकार तीव्र मानतात. माझे 38 भरले. सकाळीं मात्र मीं ‘उत्तम झोप लागली’ असेंच सांगितलें होतें, आणि तें मनापासून सांगितलें होतें.

निद्रानाशाचा प्रकार याच्या उलट. त्याचें निदान मुख्यत्वें रोग्याच्या तक्रारीवरूनच होतें. तरीही ‘रात्रभर डोळा लागला नाहीं’ म्हणणारा कित्येकदां नोंदींप्रमाणें बरेच तास झोपलेला आढळतो. त्याला खोटा म्हणावयाचें काय? मुळींच नव्हे. त्याचें दुःख खरें आहे. चुकलें असेल तें मोजमाप.

तात्पर्य, प्रामाणिकपणा ही सत्याची हमी नव्हे. मी पत्नीशीं कधीं खोटें बोललों नाहीं. पण तिचें खरें ऐकून घेतलें नाहीं, हा दोष लहान नाहीं. माझी एक रात्र यंत्रानें टिपली. माझा थांबलेला श्वास परत येईपर्यंत तिनें ज्या असंख्य रात्री जागून काढल्या, त्यांची नोंद कोठेंच नाहीं.

सोनईजवळच शनिशिंगणापूर आहे. घरांना दारें न बसविण्याची तेथील रीत प्रसिद्ध आहे. निजतांना आपणही सर्व तसेंच करतों. आपलें दार उघडें टाकून शेजारच्या माणसाच्या भरंवशावर डोळे मिटतों. मग त्या माणसानें रात्रीं काय पाहिलें, हें सकाळीं ऐकून घेणें आपल्याकडे लागतें. आतां मी नाकावर मुखवटा लावून निजतों; त्यांतील दाबाची हवा घसा उघडा ठेवते. झोप कशी लागली, हें मात्र सकाळीं मी पत्नीला विचारतों: आधीं तिची, मग माझी.