धीराने धावावे

शास्त्रपाठ : इब्री १२:१-३ व १२-१३

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातील धावेचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. सभोवती साक्षीदारांचा मोठा मेघ, टाकून द्यावयाचा भार, नेमून दिलेली धाव आणि येशूकडे लावलेली दृष्टी. हा उतारा वाचताना डोळ्यांपुढे उभा राहतो तो सडपातळ, कसलेला धावपटू. परंतु हे पत्र ज्यांच्या हाती पडले ते तसे नव्हते. त्याच अध्यायात थोडे पुढे लेखक त्यांच्या गळलेल्या हातांविषयी व लटपटणाऱ्या गुडघ्यांविषयी बोलतो. ही माणसे दमलेली होती. पूर्वीचा उत्साह ओसरला होता व काही जणांनी तर एकत्र जमणेही सोडले होते. अशांना लेखक धावावयास सांगतो, आणि सांगताना वेगाचे नाव काढीत नाही. तो एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे धीर.

ह्या वचनाचा विचार करण्याचा प्रसंग आम्हा सिल्वासातील काही जणांवर निराळ्या मार्गाने आला. दादरा आणि नगर हवेलीतील हे आमचे गाव १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, आणि पुढे येथे धाग्याचे, कापडाचे व प्लॅस्टिकचे कारखाने उभे राहिले. उपजीविकेसाठी ठिकठिकाणची माणसे येथे आली, त्यांत आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आली. कारखान्यातील पाळ्या, अवेळी जेवण, खुर्चीवरचे काम आणि दाराशी उभी असलेली मोटारसायकल, असे आमचे जीवन आहे. मंडळीच्या प्रार्थनासभेत येणाऱ्या विनंत्या ऐकाव्या तर मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार ह्यांचीच नावे अधिक. आमच्या एका बंधूंना, जे शब्बाथशाळेत मुलांना शिकवितात, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की वजन उतरवा, हालचाल वाढवा, नाही तर पुढची वर्षे कठीण जातील. त्यांचे वय सेहेचाळीस, पदरी दोन लहान मुले. प्रार्थनासभेत त्यांनी एवढेच म्हटले, "माझ्या मुलांचे दृढीकरण होईल त्या दिवशी मी उपासनेत बसलेला असावा, एवढी प्रार्थना करा." आम्ही प्रार्थना केली. मग ठरले की त्यांनी एकट्याने धावू नये. त्यांच्याबरोबर आम्ही पाच जण पहाटे निघू लागलो.

येथे कोणी म्हणेल, शरीराच्या कसरतीचा लाभ थोडाच आहे असे पौलानेच तीमथ्याला लिहिले आहे ना? होय, लिहिले आहे (१ तीमथ्य ४:८). परंतु थोडा लाभ म्हणजे लाभच नाही, असा अर्थ कोणत्या व्याकरणाने होतो? पौल सुभक्तीला वरचे स्थान देतो आणि ते योग्यच आहे. तरी त्याच पौलाने करिंथकरांस शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची आठवण दिली (१ करिंथ ६:१९-२०). प्रार्थनामंदिराचे छप्पर गळू लागले तर आपण वर्गणी काढतो व पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती करतो. मग हे दुसरे मंदिर तसेच का गळू द्यावे?

करिंथकरांस धावण्याचा दाखला समजावून सांगण्याची गरजच नव्हती. त्यांच्या नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत असत. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर झाडपाल्याचा मुकुट घालीत, आणि तो काही दिवसांतच सुके. म्हणूनच पौल नाशवंत व अविनाशी मुकुटांची तुलना करतो (१ करिंथ ९:२५). इब्रीकरांच्या पत्रात 'भार' ह्या अर्थी आलेला मूळ ग्रीक शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. त्याचा अर्थ फुगवटा, ओझे, अवजडपणा असा होतो. तेथे भार व पाप ही दोन वेगळी सांगितली आहेत. म्हणजे प्रत्येक भार पाप असतोच असे नाही. रात्री उशिरापर्यंत पाहिलेला दूरदर्शनसंच, चहाबरोबरचे फरसाण, हातातून न सुटणारा मोबाइल, ह्यांना पाप म्हणावयास आपली जीभ कचरेल. पण धावताना ती ओझी आहेत, एवढे कळले तरी पुरे.

आता सुरुवात कशी झाली ते सांगू. पहिल्याच सकाळी आमचे हे बंधू शाळकरी मुलासारखे धावत सुटले. शंभर-दीडशे पावलांवर छाती भरून आली व ते रस्त्याच्या कडेला बसले. चार दिवस त्यांनी असेच चालविले. पाचव्या दिवशी नडगी दुखू लागली आणि पुढचे तीन आठवडे ते घरीच राहिले. शेजारी हसले ते निराळेच. "हे आपले काम नव्हे," असे ते म्हणू लागले.

ह्या जागी आम्हांला एलीयाची आठवण झाली. पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस तो अहाबाच्या रथापुढे धावत ईज्रेलास पोहोचतो. एकोणिसाव्यात तोच एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. तेव्हा देवाने त्याला बोल लावला नाही. देवदूताने त्याला झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले, आणि पुन्हा एकदा झोपू दिले व खाऊ घातले. त्यानंतर जो लांबचा प्रवास झाला तो चाळीस दिवसांचा होता, आणि तो त्याने पायी केला. आमच्या बंधूंनाही डॉक्टरांनी हेच सांगितले. विश्रांती घ्या, आणि पुन्हा सुरू कराल तेव्हा चालण्यापासून करा.

मग क्रम असा ठरला. आधी पाच-दहा मिनिटे भरभर चालावे. मग एक मिनिट अगदी सावकाश धावावे व दोन मिनिटे चालावे, असे सहा ते आठ वेळा करावे. धावताना सोबत्याशी एक पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग अधिक आहे असे समजून तो कमी करावा. आठवड्यातून तीनच दिवस धावावे व मधला दिवस सोडावा. आम्ही सोमवार, बुधवार व शुक्रवार धरले. रविवारची सकाळ उपासनेची आहे आणि ती धावण्यास देऊ नये, ह्यावर आमचे दुमत झाले नाही. काही आठवड्यांनी धावण्याची मिनिटे थोडी वाढवावी व चालण्याची कमी करावी.

हा क्रम इतका हळू का, ह्याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. नेमाने धावू लागल्यावर हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारू लागतात. परंतु हाडे, आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या शिरा, ह्यांना बळकट होण्यास महिनोन्महिने लागतात. त्यामुळे असा एक काळ येतो की श्वास म्हणतो 'आणखी धाव', आणि नडगीची तयारी मात्र झालेली नसते. पुष्कळ नवशिके ह्याच काळात दुखापत करून घेऊन घरी बसतात.

प्रियजनहो, आत्मिक जीवनातही नेमके हेच घडत नाही काय? उज्जीवन सभा होतात, अंतःकरण तापते, श्वास मोठा होतो. त्या रात्री एखादा तरुण ठरवितो की उद्यापासून रोज दहा अध्याय वाचीन व दोन तास प्रार्थना करीन. आठवडाभर ते चालते. मग एक दिवस चुकतो, दुसरा चुकतो, आणि लाज वाटून तो पवित्र शास्त्र मिटून ठेवतो. त्याची भावना खोटी नव्हती. भावना लवकर वाढते, सवयीची हाडे सावकाश वाढतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते एवढेच. अशा वेळी मंडळीने त्याला अविश्वासू ठरवू नये. एक अध्याय व पाच मिनिटे एवढ्यावर त्याला परत आणावे, आणि काही दिवस त्याच्याबरोबर बसून वाचावे. धीर हवा आहे तो आपल्यातील ह्या सावकाश वाढणाऱ्या भागासाठी.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाचे अखेरचे वचन पाहा. परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांविषयी तेथे आधी उडणे येते, मग धावणे, आणि शेवटी चालणे. आपण हा क्रम उलटा लावला असता. पण संदेष्ट्याने चालणे शेवटी ठेवले आहे, आणि न थकता चालत राहणे हीही परमेश्वरानेच दिलेली शक्ती आहे असे तो सांगतो. मग मध्येच चालावे लागले म्हणून कोणी लाजू नये.

आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण देतो. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे सैन्यात भरती झाले ते धावपटू म्हणून नव्हे. सियाचीनच्या बर्फात व राजस्थानच्या वाळवंटात त्यांनी शिपायाची नोकरी केली. २०१५ च्या सुमारास ते सैन्यातील धावण्याच्या स्पर्धांकडे वळले, आणि पुढे त्यांना आपले वाढलेले वजन उतरवावे लागले. त्याच साबळ्यांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले व २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. आपल्याला पदक मिळावयाचे नाही. परंतु आजचे शरीर हे अखेरचे शरीर नव्हे, एवढे त्यांच्याकडून शिकता येते.

आणि दृष्टी कोठे असावी? आमच्या भागातील वारली बंधुभगिनींचा तारपा नाच पुष्कळांनी पाहिला असेल. मध्यभागी तारपा वाजविणारा असतो व बाकीचे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात. तो वळेल तसे सारे वळतात, त्याची लय बदलली की पावले बदलतात, आणि तारप्याकडे कोणी पाठ फिरवीत नाही. साखळीत म्हातारेही असतात, मुलेही असतात. कोण चपळ, कोण मंद, ह्याची तेथे मोजदाद नसते. येशूकडे पाहत धावणे म्हणजे काय, हे आम्हांला ह्या नाचावरून अधिक कळले. शेजाऱ्याच्या हसण्याकडे पाहिले तर पाय अडखळतात, पुढच्याच्या वेगाकडे पाहिले तरी अडखळतात. ज्याने वधस्तंभ सोसला व जो आपल्या विश्वासाचा आरंभ आणि शेवट करणारा आहे, त्याच्याकडे पाहिले म्हणजे आपली लय आपणांस सापडते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक सूचना. हा पाठ वर्गात घेताना मुलांना अंगणात न्यावे. निम्म्यांना सुरुवातीलाच जोरात धावू द्यावे व निम्म्यांना बोलत बोलत सावकाश धावावयास सांगावे. पाच मिनिटांनंतर कोण धावत आहे हे मुलांनाच पाहू द्यावे, आणि मग इब्रीकरांचे वचन वाचावे. मोठ्यांपैकी ज्यांना मधुमेह, रक्तदाब वा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. मधुमेहाच्या काही औषधांबरोबर व्यायाम केला असता साखर एकदम उतरते, म्हणून खिशात गोड काही ठेवावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तेथेच थांबावे व डॉक्टरांकडे जावे. थांबणे हेही शहाणपण आहे.

आमचे बंधू आज वीस मिनिटे न थांबता धावतात, तेही सर्वांच्या मागून. साखरेची गोळी अजून चालू आहे, पण डॉक्टरांच्या कपाळावरची आठी कमी झाली आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेकडे धावताना पेत्र दुसऱ्या शिष्याच्या मागे पडला, परंतु आत पहिला शिरला तो पेत्रच (योहान २०:४-६). उशिरा पोहोचणाऱ्यासाठीही कबर रिकामीच होती.

तेव्हा, प्रियजनहो, गळलेले हात वर करा. ज्याला धाववत नाही त्याने चालावे, ज्याला एकट्याने चालवत नाही त्याच्यासाठी कोणीतरी पहाटे दारात उभे राहावे. ज्याने आपल्यापुढे ही धाव ठेविली तो प्रभू आपणा सर्वांना ती संपेपर्यंत धीर देवो. आमेन.