उपासिकेचा शब्द

२००८ च्या चित्रीकरणात गैरवर्तन केल्याचा आरोप तनुश्री दत्तांनी २०१८ साली नाना पाटेकरांवर केला. नानांनी तो नाकारला. २०१९ साली पोलिसांनी पुरावा नसल्याचे कळविले. २०२५ साली न्यायालयाने मुदत उलटल्याने दखल नाकारली. आपल्या हिवरखेडात मात्र ओट्याओट्यावर निकाल केव्हाच लागला होता!

विनय काय सांगतो? विश्वासू उपासिकेने भिक्खूला स्त्रीसह एकांतात पाहिल्याचे सांगितले, तर संघाने चौकशी करावी. निराधार आरोप करणारा भिक्खूही दोषीच. म्हणजे तिचा शब्द हा निकाल नव्हे, पण तो कानाआड करता येत नाही.

उद्या जिनिंगवर जाणारी लेक काही सांगू लागली, तर ‘इतके दिवस गप्प का?’ म्हणू नका. २०१३ च्या कायद्यात तक्रारीची मूळ मुदत तीनच महिन्यांची आहे.